लाखेच्या तबकड्या, काननदेवी आणि मधल्या मारुतीजवळचं एक दुकान

निकाल आधी सांगून टाकू. सोलापुरात मधल्या मारुतीच्या आसपासच्या एका बोळात, ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या) जुन्या गाण्यांच्या तबकड्या संगणकात उतरवून देणारं एक दोन खोल्यांचं दुकान आहे. तिथला हात चांगला आहे, कान बरा आहे, पण संगणकावरचं बोट जरा जास्तच चालतं. तबकडी धुणं, सुई निवडणं आणि वेग सांभाळणं ही तीन कामं तिथे नीट होतात. पुढे ‘साफ करून देतो’ म्हणून जे होतं, ते घेऊ नये. तेव्हा जावं जरूर, पण काय मागायचं आणि कशाला नको म्हणायचं हे ठरवून जावं. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही; खाली तक्रारीही आहेत आणि काम करणारी माणसं दोनच आहेत.

अशा दुकानाची पारख कुठल्या तबकड्यांवर करायची, यावर बरंच अवलंबून असतं. भजनाच्या किंवा शहनाईच्या तबकडीवर निम्मे दोष लपून जातात. इथे जुन्या बंगाली-हिंदी सिनेमातल्या गाणाऱ्या नटी काननदेवी यांच्या तबकड्या धरल्या आहेत, कारण आवाज स्वच्छ, शब्द स्पष्ट, मागे वाद्यं मोजकी. काही बिघडलं तर लगेच ऐकू येतं. शिवाय सोलापूरकडच्या जुन्या पेट्यांमध्ये हिंदी सिनेमाच्या तबकड्यांबरोबर त्यांची एखादी तरी हमखास निघते, आणि निघते ती बहुतेक वेळा ‘तूफान मेल’ या गाण्याचीच.

या बाईंची कारकीर्द डोक्यात असली तर गठ्ठा लावणंही सोपं जातं. जन्म २२ एप्रिल १९१६, हावडा. वडील लवकर गेले, आईबरोबर लोकांच्या घरी कामं करावी लागली. दहाव्या वर्षी कलकत्त्याच्या मदन थिएटर्सकडे लागल्या आणि १९२६ च्या ‘जयदेव’ या मूकपटात पडद्यावर आल्या. त्या काळच्या कामाची एकही तबकडी असण्याचा प्रश्नच नाही. गाता गळा होता, पण सिनेमाला कान नव्हते. मदनच्या मूकपटांतलं आज फारच थोडं उरलेलं आहे, त्यामुळे पहिल्या पाचेक वर्षांतल्या काननबाला (हे त्यांचं तेव्हाचं नाव) जवळजवळ नावापुरत्याच राहिल्या. १९३१ मध्ये ‘जोर बरात’ हा बोलपट आला आणि गाणारी नटी म्हणून त्यांचा भाव बदलला. पुढे राधा फिल्म्स, तिथला १९३५ चा ‘मानमयी गर्ल्स स्कूल’. दिग्दर्शक प्रमथेश बरुआंना ‘देवदास’ची पारो म्हणून त्याच हव्या होत्या, पण करार आडवा आला आणि ती भूमिका जमुना यांच्याकडे गेली. मग न्यू थिएटर्स. १९३७ मध्ये ‘मुक्ती’ आणि ‘विद्यापती’ एकापाठोपाठ, १९३८ मध्ये सैगलांबरोबर ‘स्ट्रीट सिंगर’. १९४१ मध्ये न्यू थिएटर्स सोडलं, १९४२ मध्ये बरुआंच्याच ‘जवाब’मध्ये कमल दासगुप्तांच्या चालीवर ‘तूफान मेल’ गायल्या आणि ते गाणं गावोगावच्या हॉटेलांत पोचलं. सोलापूरकरांना ‘मेल’ म्हटलं की मुंबईहून मद्रासला जाणारी मेलच आठवायची, त्यामुळे इथे ते गाणं जरा जास्तच आपलं वाटलं असणार. १९४९ मध्ये स्वतःची श्रीमती पिक्चर्स काढली. १९६८ ला पद्मश्री, १९७६ चा दादासाहेब फाळके पुरस्कार. १७ जुलै १९९२ ला गेल्या.

ही जंत्री दुकानाच्या परीक्षणात कशाला? तर सुई, वेग आणि आवाजाचा समतोल या तिन्ही गोष्टी तबकडी कुठल्या सालची आहे त्यावर ठरतात. दुकानदाराला साल माहीत नसलं तर तो सगळ्यांना एकच माप लावतो.

काननदेवींच्या बाबतीत एक मोठी सोय आहे. त्यांच्या सगळ्या तबकड्या विजेच्या मायक्रोफोनवर मुद्रित झालेल्या, १९२५ नंतरच्या तंत्राच्या. त्याआधीचे गायक कर्ण्यात तोंड घालून गात आणि यंत्राचा वेग त्या दिवशी जो असेल तो. १९०२ मध्ये कलकत्त्यात पहिलं मुद्रण झालेल्या गौहरजानच्या तबकडीला ७८ हा आकडा लावून चालत नाही. तिथे शेवटी ‘माय नेम इज गौहरजान’ असं बोलणं येतं ते उपयोगी पडतं. बोलण्याचा आवाज माणसासारखा लागेपर्यंत वेग हलवायचा. काननबालांच्या काळापर्यंत वेग बऱ्यापैकी स्थिर झालेला होता. म्हणून ७८ वर लावून सुरुवात केली तर सहसा चूक होत नाही.

दुकानात वेग तपासायला कागदी स्ट्रोबची चकती वापरतात, आणि ते बरोबर वापरतात, याचं कौतुक करायला हवं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुन्या पद्धतीचा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो. चकतीवर ७७ रेघा असतात. ६००० भागिले ७७, म्हणजे ७७.९२ फेऱ्यांना त्या रेघा जागेवर उभ्या दिसतात. एलईडी बल्बखाली बरेचदा काहीच दिसत नाही, कारण चांगल्या ड्रायव्हरचा एलईडी लुकलुकतच नाही. इथे त्यासाठी छोटा निऑन दिवा वेगळा ठेवलाय. टर्नटेबलवर वेग थोडा मागेपुढे करायची पट्टी आहे, तीही हवीच. ज्या टर्नटेबलवर फक्त ३३ आणि ४५ आहे त्यावर ४५ ला वाजवून संगणकात १.७३ पट वेग वाढवणारे लोक असतात. चिरलेल्या तबकडीसाठी ती युक्ती चालते, पण त्यात आवाजाचा समतोल वेग सुधारल्यावर करावा लागतो आणि ते कोणी करत नाही.

वेग चुकला तर किती चुकतो? ८० ला वाजवली तर अडीच टक्के चढ, म्हणजे अर्ध्या स्वराहूनही कमी. ८२.६ ला पूर्ण अर्धा स्वर, बाजाच्या पेटीची एक पट्टी. काही जण तबकडीबरोबर पेटी धरून बघतात आणि स्वर दोन पट्ट्यांच्या मध्ये पडला की वेगाला दोष देतात. घाई करू नये. त्या काळच्या स्टुडिओतली पेटी आजच्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराशी जुळलेली असेलच असं नाही. आधी स्ट्रोब, मग कान, पेटी सगळ्यात शेवटी.

आता धुणं. दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा: ‘धुता कशानं?’ लाखेची तबकडी म्हणजे खरोखरच लाख, त्यात दगडाची वस्त्रगाळ पूड आणि काजळी. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पॉलिशवाला फर्निचरला मारतो ती हीच. कोणी ‘आयपीए मारतो’ (हेही एक स्पिरिटच) किंवा ‘सॅनिटायझरनं पुसतो’ म्हणालं तर पेटी उचलावी आणि निघावं. हाच द्रव व्हिनाइलच्या एलपीला चालतो, म्हणून एलपीवर हात बसलेल्या माणसांकडून ही चूक जास्त होते. काच पुसायचे फवारे, रॉकेल, खोबरेल यांपैकी काहीच नको. रॉकेल नि खोबरेल तबकडीला झकास चमक आणतात, पण घडीत, म्हणजे सुई फिरते त्या खाचेत, धूळ कायमची चिकटते.

या दुकानात डिस्टिल्ड पाणी, लिटरभर पाण्याला भांडी घासायच्या सौम्य द्रवाचे दोन-तीन थेंब, मऊ केसांचा ब्रश, आणि लेबलवर रबराची चकती घट्ट बसवून धुतात. ब्रश गोलाकार, घडीच्या दिशेनं. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं दोनदा, सुती कापडानं टिपून, उभी करून पंख्याखाली. साधं नळाचं पाणी का नाही, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो तोच घडीतही बसतो. एक मात्र विचारून घ्यावं. कोलंबियाच्या काही तबकड्या आतून कागदाच्या थराच्या असतात. कडेला तडा असेल तर पाणी आत जाऊन फुगतात. तशी तबकडी भिजवू नये, ओल्या कापडानं जेमतेम पुसावी. दुकानातला मुलगा हे पाहत नाही, मालक पाहतात. त्यामुळे मालक असतील तेव्हाच पेटी द्यावी.

सुईबद्दल जरा सविस्तर, कारण इथेच बाजारातलं निम्मं काम फसतं. ७८ ची घडी रुंद. तिला साधारण ३ मिलची, म्हणजे ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची सुई ०.७ ते १ मिल. ती बारीक सुई ७८ मध्ये घातली तर तळाशी घसरत जाते. तिथे असतो कचरा, आणि गाणं असतं भिंतींवर. आवाज येतो, पण खरखरीच्या मागून येतो. सध्या मिळणाऱ्या सूटकेससारख्या रेकॉर्ड प्लेअरवर ७८ चं बटण असतं, सुई मात्र एलपीचीच. बटण आहे म्हणजे सोय आहे असं नव्हे.

दुकानात तीन सुया आहेत: २.५, ३ आणि ३.५ मिल. हे पाहून बरं वाटतं. गंमत अशी की जुन्या तबकड्या लोखंडी पिनेनं झिजलेल्या असतात. तबकडीतली दगडाची पूड त्या पिनेला घासून घडीच्या आकाराची करायची, म्हणून प्रत्येक बाजूला नवी पिन हा नियम होता. घरोघरी तो कोण पाळणार? दोनशे पिनांची डबी पुरवून पुरवून वापरायची. त्याच पिनेवर दहा-दहा बाजू वाजल्या आणि घडीच्या भिंतीचा एक ठरावीक पट्टा खरवडला गेला. जरा जाड किंवा जरा बारीक सुई घेतली की ती त्या पट्ट्याच्या वर किंवा खाली बसते आणि न झिजलेली भिंत सापडते. ‘तूफान मेल’ अशी तबकडी आहे जी कोणाच्याही घरी धड राहिलेली नसते. लोकांनी ती अक्षरशः झिजवली. तिथे ३ मिलवर वरचे सूर फाटतात. तेच दुसऱ्या मापानं निम्म्यानं सुधारू शकतात. दुकानदार मागितल्याशिवाय सुई बदलत नाही, ही त्याची खोड. ‘तिन्ही सुयांवर वीस-वीस सेकंद ऐकवा’ असं स्पष्ट म्हणावं. कुरकुर करतो, ‘वाजतंय की चांगलं, अजून काय पायजे?’ म्हणतो, पण ऐकवतो.

सुईचा भार चार ग्रॅमच्या आसपास ठेवतात, योग्य आहे. चावीच्या ग्रामोफोनच्या साउंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमच्या वर असतो, हे लक्षात घेतलं की एकेक वाजवणं तबकडीला किती महागात पडतं ते कळतं. हौसेखातर आजोबांच्या कर्ण्यावर वाजवायचं असेल तर आधी डिजिटल करून घ्या, मग वाजवा. उलट क्रमानं करू नका.

मुद्रण स्टिरिओत करतात. तबकडी मोनो असताना हे कशाला, असा प्रश्न गिऱ्हाईक विचारतंच. उत्तर असं की घडीच्या दोन भिंती सारख्या झिजलेल्या नसतात. दोन्ही वेगळ्या उतरवल्या की चांगली भिंत निवडता येते, किंवा दोन्ही मिसळल्या की वरखाली हलण्यानं येणारी खरखर बरीच मरते. फाइल २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची वेव्ह. तीन मिनिटांची एक बाजू म्हणजे सुमारे १०४ एमबी. दहा इंची वीस तबकड्या, चाळीस बाजू, जवळजवळ सव्वाचार जीबी. आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरे. तीच बाजू ३२० च्या एमपी३ मध्ये सातेक एमबी. फोनवर ऐकायला एमपी३ घ्या, पण वेव्ह घेतल्याशिवाय पैसे चुकते करू नका. एमपी३ वरून नंतर दुरुस्ती होत नाही.

इथपर्यंत दुकानाला दहापैकी आठ. पुढे गाडी घसरते.

पहिला दोष प्रीअँपचा. टर्नटेबलनंतर जो फोनो प्रीअँप (सुईकडून येणारा बारीक आवाज वाढवणारं यंत्र) लावलाय तो आरआयएए वक्राचा, म्हणजे १९५० च्या दशकातल्या एलपींसाठी ठरलेल्या समतोलाचा. तो १० किलोहर्ट्झला जवळजवळ १४ डेसिबलनं आवाज खाली दाबतो, कारण एलपी कापतानाच तिथे तेवढा वाढवलेला असतो. काननदेवींच्या तबकड्यांत तसं वाढवलेलं नाही. परिणाम असा की आवाजावर जाड सोलापुरी चादर टाकल्यासारखं वाटतं: खर्ज फुगतो, तबला डग्ग्यासकट पुढे येतो आणि ‘स’, ‘श’, ‘च’ बोथट होतात. ऐकणारा म्हणतो, ‘जुनं रेकॉर्डिंग, असंच असणार.’ असं नसतं. ती बाई इतकी गुदमरून गात नव्हती. उपाय दोन. एक, सपाट प्रीअँप वापरायचा. दोन, तो नसेल तर संगणकात आरआयएए उलटवून काढायचा आणि मग त्या काळच्या एचएमव्ही पद्धतीला साजेसा २५० हर्ट्झच्या आसपासचा टर्नओव्हर (ज्याच्या खाली खर्ज वाढवायचा ती सीमा) लावून कानानं थोडा हलवायचा, वरच्या पट्टीत काही कापायचं नाही. मालकांना हे माहीत आहे, करूनही देतात, पण ‘त्याला वेळ लागतो’ म्हणून आपणहून करत नाहीत. पावतीवर लिहून घ्या.

दुसरा दोष अधिक वाईट, कारण गिऱ्हाइकाला तो आवडतो. दुकानाच्या दरपत्रकात ‘एचडी क्लीन’ नावाचा प्रकार आहे. त्यात खरखर पुसायचं सॉफ्टवेअर पूर्ण ताकदीनं चालवतात. पहिल्यांदा ऐकताना माणूस खूश होतो: अहो, खरखर गेलीच की! दुसऱ्यांदा नीट ऐकलं की कळतं, आवाज पाण्याखालून येतोय. श्वास गायब. सारंगीची घासणी गायब. दोन ओळींमधली शांतता इतकी कोरडी की गाणं बुडून पुन्हा वर आल्यासारखं वाटतं. लाखेच्या तबकडीची खरखर मुख्यतः वरच्या पट्टीत असते आणि माणसाच्या बोलण्यातली व्यंजनंही तिथेच राहतात. सॉफ्टवेअरला ‘श’ आणि खरखर यांतला फरक कळत नाही. काननदेवींच्या गाण्यात शब्दाच्या टोकाला जो हलका श्वास सुटतो, तो तर पहिल्या फेरीतच जातो.

चिरेचा टकटकाट मात्र काढावा. त्यात गैर काही नाही. कडेपासून आत गेलेला एक तडा दर फेरीला एक ठोका देतो, म्हणजे तीन मिनिटांत २३४ ठोके. ते एकेक करून हातानं काढता येतात आणि दुकानातला मुलगा या कामात हुशार आहे. म्हणून मागणी अशी करावी: ठोके काढा, खरखर राहू द्या. फारच झाली तर तीन-चार डेसिबलनं खाली आणा, त्याहून जास्त नको. आणि काहीही न केलेली मूळ प्रत वेगळी द्या. मूळ प्रत हाती असली की उद्या याहून चांगलं साधन आलं तर पुन्हा तबकडी वाजवावी लागत नाही.

तिसरी तक्रार नावांची. किरकोळ वाटते, पण पेटीभर काम झाल्यावर हीच डोकेदुखी होते. फाइलींची नावं ‘कानन १’, ‘कानन २’, आणि एका ठिकाणी चक्क ‘कन्नन’. त्यात तीन घोटाळे. पहिला, सुरुवातीच्या लेबलांवर त्या काननबाला आहेत, नंतर काननदेवी. लेबलवर जे असेल तेच लिहायला हवं, कारण त्यावरून काळाचा अंदाज येतो. दुसरा, भाषा. ‘जवाब’ हा बंगाली ‘शेष उत्तर’चा हिंदी अवतार, तूफान मेलचं गाणं दोन्ही भाषांत आहे, बंगाली लिपी न वाचता आल्यानं दोन्ही फाइली एकाच नावाखाली गेल्या तर एक दिवस कोणीतरी ‘डुप्लिकेट’ म्हणून एक पुसून टाकणार. तिसरा, क्रमांक. लेबलवर छापलेला कॅटलॉग क्रमांक (मेगाफोनच्या तबकडीवर जेएनजी या अक्षरांनी सुरू होणारा, जे. एन. घोष हे कंपनीचे मालक) आणि लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, हे दोन्ही नोंदवायला हवेत. कोरलेला क्रमांक तिरप्या टॉर्चच्या उजेडात दिसतो. पेटी देण्याआधी घरीच एक वही करा: कॅटलॉग, मॅट्रिक्स, लेबलवरचं नाव जसंच्या तसं, भाषा, तडे कुठे. दोन्ही बाजूंच्या लेबलांचा फोटो काढा. मग दुकानाला सांगा की फाइलीचं नाव कॅटलॉग क्रमांक आणि बाजू एवढंच ठेवा. मालकांनाही तेच सोपं पडतं.

वही करताना आणखी एक रकाना ठेवा: चित्रपटातलं गाणं आणि तबकडीवरचं गाणं एकच आहे का. १९३५ च्या सुमारास न्यू थिएटर्सनं पार्श्वगायन आणलं, तोवर नट कॅमेऱ्यासमोर गायचे आणि वादक झाडामागे, पडद्यामागे दडवलेले असायचे. तबकडीसाठी बऱ्याचदा वेगळ्यानं गायला लागे, आणि दहा इंची बाजूवर साधारण सव्वातीन मिनिटांहून जास्त मावत नसे. म्हणून एखादं कडवं कमी दिसलं की दुकानानं कापलं असा आरोप करू नका. आधी घडी कुठे संपते ते बघा. मराठी गाणाऱ्या नट्यांनाही हेच लागू. ललिता पवार १९२८ पासून मूकपटात होत्या आणि १९३५ च्या ‘हिम्मत-ए-मर्दा’त स्वतः गायल्या, ज्यांना त्या फक्त खाष्ट सासू म्हणून ठाऊक आहेत त्यांना हे पटवायला तबकडीच पुढे करावी लागते.

दर. दहा इंची तबकडी, दोन्ही बाजू, २०० रुपये. बारा इंची २६०. धुण्याचे ३० वेगळे. ‘एचडी क्लीन’चे बाजूमागे १०० आणखी, ते वाचवा. आरआयएए उलटवण्याचे पैसे घेत नाहीत, फक्त चार दिवस जास्त मागतात. वीस तबकड्यांना दहा दिवस सांगतात आणि पंधरा लागतात. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तर विचारूच नका. जानेवारीचा निम्मा महिना दुकान असून नसल्यासारखं. तुटून दोन तुकडे झालेली तबकडी घेत नाहीत, आणि ‘चिकटवून देतो’ असं खोटंही सांगत नाहीत, हे बरं. आधी एकच तबकडी करून दाखवतात, तिचे पैसे पसंत पडली तरच. हा नियम पहिल्या दिवशीच वापरावा, आणि नमुन्याला आवडती तबकडी न देता घरातली सगळ्यात झिजलेली द्यावी.

न्यायचं कसं, तेही सांगायला हवं, कारण दुकानात पोचण्याआधीच तबकड्या फुटतात. लाखेची तबकडी बशीसारखी ठिसूळ. आडव्या थप्पीत रिक्षातून नेली तर एका खड्ड्यात मधल्या दोन-तीन जातात. खोक्यात उभ्या ठेवा, सरळ, कलत्या नकोत. तळाला आणि कडेला टर्किश टॉवेल ठासून भरा. चादर तबकडीला थेट लावू नका, तिचे तंतू घडीत अडकतात. आधी कागदी पाकीट, मग काय हवं ते. वीस तबकड्या चार-पाच किलो भरतात, हँडलच्या पिशवीच्या भरवशावर राहू नका. मार्च ते जून दुपारी नेऊच नये. सोलापूरचं ऊन चाळिशीच्या पार गेलेलं असतं आणि बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. लाख मऊ पडते आणि आपल्याच वजनानं वाकते. वाकलेली तबकडी दोन काचांमध्ये ठेवून उन्हात सपाट करायचा सल्ला पुष्कळ जण देतात. बाक जातो कधी कधी. गाणं घेऊन जातो बरेचदा.

दुकानानं परत देताना प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या तर घरी पोचल्यावर त्या काढून टाका. आत ओल राहिली असेल तर पावसाळ्यात लेबलवर बुरशी येते.

फाइली मिळाल्या की हेडफोन लावून तिथेच तीन जागा ऐका. पहिली, अगदी सुरुवात: पहिला सूर अर्धा खाल्लेला नसावा. दुसरी, सगळ्यात वरचा सूर: तिथे फाटतंय ते तबकडीमुळे की मुद्रणाची पातळी चढवल्यामुळे, हे पाहायचं. संगणकावर लाटेची टोकं कात्रीनं कापल्यासारखी सपाट दिसली तर पातळी चुकली, पुन्हा उतरवून मागा. हे ते विनातक्रार करतात. तिसरी, शेवट. दुकानाच्या मुलाला गाणं थांबलं की लगेच फाइल कापायची सवय आहे. वाद्यांचा शेवटचा ठोका विरत असतो तेवढ्यात कात्री लागते. सुई गुळगुळीत पट्ट्यात जाऊन दोन फेऱ्या होईपर्यंत चालू ठेवा, असं आधीच सांगून ठेवा.